एक ओळखीचा शब्द

परदेशात जाऊन आलेला माणूस गावात काय सांगतो? उंच इमारती, गुळगुळीत रस्ते आणि तिथल्या लोकांची शिस्त! मलेशियाहून परतल्यावर मीही चार दिवस तेच सांगितले. सरांनी ‘वार्षिकासाठी लिही’ म्हटले तेव्हा लक्षात आले, की जे सांगायचे होते ते अजून कोणालाच सांगितलेले नाही.

माझा मामेभाऊ क्वालालंपूरला एका हॉटेलच्या भटारखान्यात आहे. २०२३ च्या डिसेंबरात भारतीयांना तिथे तीस दिवस व्हिसाविना राहण्याची सवलत सुरू झाली. तिकीट त्याने काढून दिले आणि कॉलेजचीच सॅक पाठीवर टाकून मी नऊ दिवस मलाक्का व पिनांग हिंडून आलो.

मलाय भाषा मला येत नाही. पण ती पदोपदी ओळख दाखवत होती. भाषेला ‘बहासा’, नावाला ‘नामा’, शिक्षकाला ‘गुरु’. नवऱ्याला ‘सुआमी’ आणि बायकोला ‘इस्तेरी’! खाणावळीच्या पाटीवर माशाच्या डोक्याला ‘कपाला’ लिहिलेले पाहून मी एकटाच हसलो. कपाटाला अलमारीच म्हणतात. असे शब्द मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. मराठीच्या विद्यार्थ्याला याहून स्वस्त करमणूक कोणती?

मलाक्क्यात तर घरीच आल्यासारखे वाटले. एकाच गल्लीत विनायकाचे १७८१ सालचे मंदिर, चार पावलांवर १७४८ साली स्थापन झालेली मशीद आणि तिच्यापुढे सतराव्या शतकातले चिनी देऊळ. मशिदीचे छप्पर पायऱ्यापायऱ्यांचे, मनोरा चिनी पॅगोड्यासारखा. विनायकाचे मंदिर ज्यांचे, ते ‘चिट्टी’ लोक मूळचे तमिळ व्यापारी. पिढ्यान्पिढ्या घरात मलाय बोलतात आणि शंकराची पूजा करतात. टेकडीवर पडक्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची रिकामी कबर आहे. १५५३ मध्ये काही महिने त्यांचा देह तिथे होता, मग गोव्याला नेला. ज्या आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले, त्यानेच पुढच्या वर्षी मलाक्का घेतले. इतिहासाच्या पेपरात ही दोन गावे मी वेगवेगळ्या पानांवर पाठ केली होती.

या गल्लीला ते सौहार्दाची गल्ली म्हणतात. प्रवासी फोटो काढतात आणि पुढे जातात. मीही गेलो.

पिनांगला जॉर्जटाउनमध्ये मी ज्या स्वस्त वसतिगृहात उतरलो, तिथे रात्रपाळीला एक तमिळ गृहस्थ होते. तिशीतले. ते मला ‘तंबी’ म्हणत, मी त्यांना ‘अण्णा’. मी माझी शब्दांची वही मोठ्या कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवली. मलाक्क्याच्या त्या मशिदीच्या नावात ‘क्लिंग’ असा शब्द आहे, तो आपल्या कलिंगावरून आला असे म्हणतात. तोही मी लिहिला होता. अण्णांनी त्याच्यावर बोट ठेवले. म्हणाले, “हा कोणाला म्हणू नकोस. आम्हाला शिवी म्हणून देतात.” मग त्यांनी स्वतःच वहीत एक शब्द लिहिला : ‘बुमिपुतेरा’.

भूमिपुत्र! हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मुंबईत १९६६ पासून त्याच्यावर केवढे राजकारण झाले! पण तिथे तो नुसत्या भाषणातला शब्द नाही, कारभारातला आहे. मलाय लोक, सबा-सरावाकचे मूळ रहिवासी आणि जंगलातले ओरांग अस्ली हे भूमिपुत्र. २०२० च्या जनगणनेत नागरिकांपैकी ६९.४ टक्के ते, २३.२ टक्के चिनी आणि ६.७ टक्के भारतीय वंशाचे. सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, उच्च शिक्षणातल्या जागा, धंद्याचे परवाने यांत भूमिपुत्रांना राखीव वाटा. नवीन घराच्या किमतीतही सूट.

यामागचे कारण खोटे नाही, हे आधी सांगितले पाहिजे. इंग्रजांच्या राज्यात मलाय शेतकरी भाताच्या खाचरात राहिला, कथील आणि व्यापार चिन्यांकडे गेला. १९७० मध्ये कंपन्यांच्या भांडवलात भूमिपुत्रांचा वाटा अवघा २.४ टक्के होता. त्याच्या आदल्या वर्षी, १३ मे रोजी, क्वालालंपूरला भीषण दंगल झाली. सरकारी आकड्यानुसार १९६ माणसे मेली. त्यानंतर १९७१ पासून नवे आर्थिक धोरण आले आणि तो वाटा ३० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, तीही शिष्यवृत्तीच्या आधाराने. तेव्हा सवलत म्हटले की नाक मुरडणाऱ्यांतला मी नव्हे.

पण अण्णांचे पणजोबा रबराच्या मळ्यावर चीक काढायला आले होते. मळे मोडले, तिथे ताडतेलाची लागवड नाही तर वसाहती झाल्या, आणि मजूर शहराच्या कडेला फेकले गेले. त्या मजुराचे पोर भाताच्या खाचरातल्या पोरापेक्षा श्रीमंत होते काय? माझे म्हणणे एवढेच आहे, की मदत ही मागे पडलेल्याला द्यायची गोष्ट आहे. मागे पडलेला पुढे गेला की ती थांबवता येते. ‘भूमीचा पुत्र’ ही पदवी मात्र थांबवता येत नाही, आणि ज्याला ती नाही त्याला चार पिढ्या राबूनही मिळवता येत नाही. या दोन गोष्टी एका शब्दात बांधल्या, तिथे घोटाळा झाला.

अण्णांनी मला एक कोरा अर्ज दाखवला. त्यात ‘बांग्सा’ असा रकाना होता, म्हणजे आपला ‘वंश’च. खाली मलायू, चीना, इंडिया, इतर. “मी इंडिया पाहिलेलासुद्धा नाही,” अण्णा म्हणाले, “आणि जन्मभर या चौकोनात खूण करतो आहे.” माझ्या खिशात भारताचा पासपोर्ट होता. मला उगीचच अपराध्यासारखे वाटले.

एवढे असूनही अण्णांना देश सोडायचा नाही. तमिळ शाळा तिथे सरकारी पैशावर चालतात, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मध्यरात्री आम्ही कोपऱ्यावरच्या मामाक दुकानात, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या हॉटेलात, चहा प्यायला गेलो. मलाय, चिनी, तमिळ पोरे एकाच टेबलाशी फुटबॉल बघत ओरडत होती. ते खोटे नव्हते. तो रकानाही खोटा नव्हता.

“तुमच्याकडे आहे का हा शब्द?” अण्णांनी विचारले.

आहे म्हणालो. मग कोण जाणे का, मी वडिलांचे सांगू लागलो. दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. आईवडील पाच-सहा महिने कोल्हापूरकडे ऊस तोडतात, कोपीत राहतात. भाषा तीच, देव तेच, राज्यही तेच. तरी तिथे नवराबायको मिळून त्यांची मोजणी ‘एक कोयता’ अशी होते. वीस वर्षे झाली. त्या गावात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक असेल, मला सांगता येणार नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझा पेला माझ्याकडे सरकवत म्हणाले, “चहा गार होतोय, तंबी.”