मखमली खोक्यातला निनावी तबला

वसुबारसेच्या संध्याकाळी माझी पुतणी तिच्या आजोबांसाठी, आप्पांसाठी, दिवाळीची भेट घेऊन आली. जांभळ्या मखमलीचा खोका, झाकणावर सोनेरी अक्षरं, समई आणि मोर. आत सहा सीडी आणि एक पेन ड्राइव्ह. जुन्या नाट्यपदांचा संच, किंमत तीन हजारांना दोनशे कमी. आप्पा नव्वदीला टेकलेत. उमेदीच्या काळात पेटी वाजवायचे, कान अजून पक्का आहे. पहिली सीडी लावली, बालगंधर्वांचं पद सुरू झालं आणि मिनिटभरात आप्पांनी हात वर करून विचारलं, "तबल्यावर कोण आहे रे? थिरकवा का?"

मी खोका उलटा केला. आतली पुस्तिका काढली. आठ पानं. दोन पानं कंपनीच्या इतर संचांची जाहिरात, एक पान शुभेच्छा, एक पान फोटो, उरलेल्या चार पानांत यादी. पद, गायक, किती मिनिटं, संपलं. तबला नाही, सारंगी नाही, ऑर्गन नाही. निम्म्या पदांना नाटकाचं नाव नाही. संगीतकाराचं नाव एकाही पदाला नाही. आणि वर्ष तर कुठेच नाही.

"लिहिलेलं नाही आप्पा."

"मग विकत काय घेतलंय?"

पुतणीचा चेहरा उतरला. तिचा काहीच दोष नाही. तिने आजोबांवरच्या मायेने पैसे मोजले होते. दोष त्या मायेवर धंदा करणाऱ्यांचा आहे आणि तो मी आज स्पष्ट शब्दांत मांडणार आहे.

दिवाळी आली की पुण्यात हे संच बाहेर निघतात, आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या सुमाराला पुन्हा एकदा. नाव कधी 'सुवर्ण', कधी 'अमृत', कधी 'अनमोल'. आतली पदं तीच तीस-चाळीस. दर दोन-तीन वर्षांनी खोका बदलतो, किंमत वाढते आणि माहिती कमी होते. जुनं संगीत नव्याने विकण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः चाळीस वर्षं तबकड्या गोळा करतो. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात उन्हात उकिडवं बसून, गंजलेल्या नळांच्या आणि तुटक्या पंख्यांच्या शेजारच्या ढिगातून एकेक काढल्या आहेत. माझं भांडण संगीताचा इतिहास खरवडून टाकून फक्त आवाज विकणाऱ्यांशी आहे.

जुन्या तबकडीचं लेबल पाहा. हाताच्या तळव्याएवढा गोल कागद. त्यावर गायकाचं नाव, बहुधा नाटकाचं किंवा रागाचं नाव, तबकडीचा क्रमांक. त्याच्या बाहेर, चकचकीत काळ्या भागात, लाखेवर कोरलेला आणखी एक क्रमांक असतो. तबकडी दिव्याकडे तिरकी धरली की तो दिसतो. त्यावरून जाणकार माणूस ध्वनिमुद्रणाचा काळ आणि जागा काढू शकतो. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या तबकडीवर त्या काळच्या कंपनीने एवढं तरी ठेवलं होतं. पुढे एलपी आल्या. शास्त्रीय संगीताच्या एलपीचं पाकीट मागून वाचा: रागाची माहिती, गायकाचं घराणं आणि तबल्यावर कोण, पेटीवर कोण. आमच्या पिढीचं अर्धं संगीतशिक्षण त्या पाकिटांच्या मागच्या बाजूवर झालं. आता पाकीट मखमलीचं झालं आणि मागची बाजू कोरी झाली.

नावं नसली तर बिघडलं कुठे, असं मला नेहमी विचारतात. काय बिघडतं ते 'स्वयंवर'चं उदाहरण घेऊन सांगतो.

'स्वयंवर' 1916 सालचं. नाटक आणि पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ज्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली, ज्यांच्या तालमीत मास्तर कृष्णराव घडले, ज्यांना बालगंधर्व गुरू मानत, ते भास्करबुवा. ते 1922 साली गेले. त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांचा आवाज कसा होता, हे आपल्याला कधीच कळणार नाही. गायक-नट भाऊराव कोल्हटकरांचं तसंच. ते 1901 साली गेले आणि आपल्या देशातली पहिली मोठी ध्वनिमुद्रणं 1902 साली झाली. एका वर्षाने आपण त्यांना गमावलं. पण भास्करबुवांचं निदान चालींच्या रूपाने काहीतरी उरलंय. बालगंधर्वांच्या गळ्यातून जे ऐकू येतं, त्यात बुवांची बुद्धी आहे, बुवांची जागा आहे. आणि हा दिवाळीचा संच त्या पदांवरून त्यांचं नाव काढून टाकतो. ज्याचा आवाज काळाने नेला, त्याचं नाव या लोकांनी आठ पानी पुस्तिकेत शाई वाचवायला नेलं.

साथीदारांचं सांगायलाच नको. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. असा वाद्यवृंद कुठल्या दरबाराच्याही नशिबी नव्हता. आप्पांनी विचारलेल्या त्या पदात थिरकवा आहेत की आणखी कुणी, हे सांगायला अभ्यास करावा लागतो. वर्ष काढावं लागतं, मंडळीत कोण कधी होतं ते जुळवून पाहावं लागतं, संग्राहकांना विचारावं लागतं. ही माणसं आपल्यात आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था मुंबईत 1990 पासून नेमकं हेच काम करत आली. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी त्यात आयुष्य घातलं. कंपनीला एक फोन करायचा होता. तोही केला नाही.

सवाईच्या मांडवात 1953 पासून आपण काय ऐकत आलो? निवेदक मुख्य गायकाचं नाव घेतो, मग तबला, मग पेटी, आणि शेवटी मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांचीसुद्धा नावं घेतो. पुणेकर त्या नावांना टाळी देतात. आपल्याकडच्या दिवाळी अंकात आतल्या कोपऱ्यातलं रेखाचित्र कुणी काढलं, मुखपृष्ठ कुणाचं, मुद्रक कोण, सगळं छापलेलं असतं. दीडशे-दोनशे पानांच्या अंकात हे जमतं. तीन हजारांच्या खोक्यात जमत नाही.

आता कायद्याचं सांगतो, कारण विनंतीची भाषा पुरे झाली. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात 52-ए हे कलम आहे. ध्वनिमुद्रण प्रकाशित करायचं असेल तर त्यावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापल्याच पाहिजेत: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, स्वामित्वहक्क असणाऱ्याचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. वर्ष छापा, हा कुणा म्हाताऱ्या संग्राहकाचा हट्ट नाही, देशाचा कायदा आहे. तो मोडला तर 68-ए कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. 2012 च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्कही दिला. जुन्या तबकड्यांवरच्या कलाकारांना तो लागू करता येणार नाही, हे मला कळतं. पण देशाने साथीदाराच्या नावाला हक्क मानलं, तेव्हा आपल्या मोठ्या कंपन्यांनी निदान रीत म्हणून ते पाळावं, एवढी अपेक्षाही करायची नाही का?

आणखी एक गोष्ट ग्राहकाला कुणी सांगत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे 1960 च्या आधी निघालेल्या सगळ्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. खाडिलकर 1948 साली गेले, भास्करबुवा 1922 साली. म्हणजे बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरची 'स्वयंवर'ची पदं शब्दांनी, चालींनी आणि आवाजाने आज तुमची-माझी, सगळ्यांची आहेत. संच काढणाऱ्याला त्यासाठी कुणाला दमडी द्यावी लागत नाही. मग तो आपल्याकडून पैसे कशाचे घेतो? मेहनतीचे. मूळ चांगली तबकडी शोधण्याचे, ती नीट धुऊन योग्य सुईने वाजवण्याचे, तिच्याविषयी खरं लिहिण्याचे. ती मेहनत केलेली नसेल तर तुम्ही मखमलीचे पैसे दिले, एवढाच अर्थ.

मेहनत केली नाही, हे आवाजावरूनही कळतं. त्याच संध्याकाळी आप्पांनी पेटी काढायला लावली. तिसऱ्या सीडीवरचं एक पद आमच्याकडे तबकडीवर आहे. सीडीवर ते जवळजवळ एक पट्टी चढं निघालं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. वेगात शेकडा सहाचा फरक पडला की सूर एका पट्टीने सरकतो, लय धावते, गळा पातळ होतो. आमचा वेग बरोबर आणि त्यांचा चूक, असा माझा दावा नाही. कदाचित उलटंही असेल. पण हे ठरवावं लागतं. ते काम ध्वनी उतरवून घेणाऱ्याचं. ते कसं ठरवलं, याची एक ओळ पुस्तिकेत हवी होती. वर खरखर काढायच्या नादात तंबोराही काढून टाकलाय. पदाच्या मागे पोकळी ऐकू येते, बंद खोलीत कापूस कोंबल्यासारखी. एके काळी झंकार नावाने जुन्या गाण्यांवर ढोलकाचे ठोके चिकटवून विकले गेले. तेव्हा जोडून नासवलं, आता पुसून नासवतात.

केसरबाई केरकरांची गोष्ट या सगळ्याच्या शेजारी ठेवा. गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या या बाईंना ध्वनिमुद्रणाचा फारसा सोस नव्हता, त्यामुळे त्यांच्या तबकड्या मोजक्याच. त्यातली साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली. चाळीस वर्षांनी अमेरिकेतल्या काही हौशी माणसांनी लोकांकडून वर्गणी जमवली आणि त्या तबकडीचा संच काढला. तीन एलपी, सोबत चित्रांचं आणि माहितीचं भरभक्कम पुस्तक. त्या संचाच्या मांडणीला 2018 साली ग्रॅमी मिळालं. ज्यांना केसरबाईंची भाषा येत नाही, जयपूर घराणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात कुणी बोललेलं नाही, त्यांनी एवढं केलं. आपल्याकडे त्याच बाई 'अनमोल रत्ने, भाग 3' मध्ये सातव्या क्रमांकावर, राग नाही, वर्ष नाही.

1902 मध्ये कोलकात्यात गौहरजान गायल्या तेव्हा गाणं संपताच त्यांनी मोठ्याने स्वतःचं नाव सांगितलं. मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे. तिथल्या कारागिराला कळावं की हे कुणाचं गाणं, म्हणून ती पद्धत पडली. त्या काळच्या कितीतरी तबकड्यांच्या शेवटी असं नाव ऐकू येतं. नाव हरवू नये, ही काळजी पहिल्या दिवसापासून होती.

पुण्याच्याच घराघरातलं 'गीतरामायण' घ्या. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. छप्पन्न गाणी. पण त्या वर्षभरात ती फडके एकटेच गायले नव्हते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, गजानन वाटवे, चंद्रकांत गोखले असे कितीतरी आवाज त्यात होते. हे आज माझ्या पुतणीच्या वयाच्या किती जणांना ठाऊक आहे? 'गीतरामायणा'चे संच दिवाळीत भेट दिले जातात, पण मूळ प्रसारणात कोणतं गीत कुणी गायलं, याची अर्ध्या पानाची यादी आत टाकावीशी वाटत नाही. ती यादी गुपित नाही. पुण्यात तोंडपाठ असणारी माणसं आहेत.

"काका, एवढं कोण बघतं?" हे पुतणीनेच मला विचारलं. तिच्या आजोबांनी बघितलं, पहिल्या मिनिटात. ज्यांना हे संच भेट म्हणून दिले जातात ती सगळी आप्पांच्या वयाची, त्यांच्याच कानाची माणसं आहेत. विकणाऱ्यांना हेही माहीत आहे आणि भेटीची वस्तू कुणी दुकानात परत नेत नाही, हेही माहीत आहे. त्या दोन गोष्टींवर हा धंदा उभा आहे. आणि आप्पांच्या पिढीनंतर "तबल्यावर कोण?" असं विचारणारंही घरात कुणी उरणार नाही.

आम्ही परत नेला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि पुतणी दोघं गेलो. दुकानदाराने आधी नकार दिला. पुतणीने खोका काउंटरवर उलटा ठेवला, 52-ए कलम मोबाइलवर उघडून समोर धरलं आणि विचारलं, "यात वर्ष कुठे आहे, दाखवा." त्यांनी खोका फिरवून फिरवून पाहिला आणि गल्ल्यातून पैसे काढून दिले.

या दिवाळीत तुम्ही आई-वडिलांसाठी, गुरूंसाठी असा संच घेणार असाल तर पैसे देण्याआधी एवढंच करा. खोका उलटा करा आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष शोधा. नसेल तर घेऊ नका. घेऊन झाला असेल तर बिल शोधा आणि परत न्या.