पैशाकडे बघू नका, असं मीच म्हणाले होते

मंडळी, हे लिहू की नको यात माझे सहा महिने गेले. शेवटी सूनच म्हणाली, "आई, लिहा. फक्त माझं नाव नको आणि दवाखान्याचंही नको." दोन्ही अटी पाळते आहे.

आमचं घर रामचंद्रनगरचं. लग्नाला सात वर्षं झाली तरी मुलाकडे पाळणा हलला नाही, म्हणून दोघांनी आयव्हीएफचं ठरवलं. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना सांगितलं तेव्हा मला १९८६चा ऑगस्ट आठवला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षाचा जन्म झाला होता आणि आमच्या वाड्यात बायकांची आठवडाभर तीच चर्चा. तेव्हा मला दिवस गेले होते, हाच मुलगा पोटात. ती 'टेस्ट ट्यूब बेबी' आपल्याच घरापर्यंत येईल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल? पण मला धक्का वगैरे बसला नाही. उलट म्हटलं, बरं झालं, उपाय तरी आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. इंजेक्शनं झाली, बीजं काढली, पाच भ्रूण तयार झाले. मग एका सकाळी काउन्सेलर बाईंनी बोलावलं. सूनबाईबरोबर मी गेले, कारण मुलाला रजा नव्हती. टेबलावर एक कागद. त्यावर सहा नावं, प्रत्येकापुढे रक्कम आणि टिक करायला चौकोन. गर्भाशयाचं अस्तर आधीच्या महिन्यात हलकं खरवडणं. भ्रूण कोणत्या वेळी सोडायचा ते ठरवायला अस्तराचा तुकडा काढून तपासणं, म्हणजे इआरए. एम्ब्रियो ग्लू. इंट्रालिपिडचं सलाईन. लेझर हॅचिंग. भ्रूणांची जनुकीय तपासणी, म्हणजे पीजीटी.

बाई अगदी गोड. म्हणाल्या, "ये सब ऑप्शनल है आंटीजी, कोई जबरदस्ती नहीं. बस बाद में मन में ये ना रहे कि कुछ कसर छोड़ दी."

सून त्या कागदाकडे बघत होती. तिला काहीतरी विचारायचं होतं, हे मला आज कळतं. पण मी तिच्या आधी बोलले. "पैशाकडे बघू नका. आम्ही आहोत ना."

चार चौकोनांत खुणा झाल्या. वरचे १ लाख ३२ हजार. ह्यांच्या ग्रॅच्युइटीची एक एफडी मोडली. मला तर त्या दिवशी फार मोठं काम केल्यासारखं वाटलं, घरी येताना खजराना गणपतीला जाऊन आले.

भ्रूण सोडल्यावर चौदा दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला. रात्री ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. मी जवळ घेतलं तर म्हणते काय, "आई, तुमचे एवढे पैसे गेले." मूल राहिलं नाही याचं दुःख होतंच, पण त्याच्या वर हे ओझं. मी पैशाकडे बघू नका म्हटलं आणि पोरगी महिनाभर फक्त पैशाकडेच बघत होती. प्रत्येक सुईबरोबर, प्रत्येक सलाईनबरोबर.

दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलं तेव्हा कागदावरची नावं वाढली होती. ती मात्र बदलली होती. आमची सून सीए आहे. म्हणाली, "व्हाउचर नसलेली एन्ट्री मी कुणाचीच पास करत नाही, मग माझ्याच शरीराची का केली?" आणि रोज रात्री जेवणं आवरली की ती लॅपटॉप घेऊन बसायची. जे सापडायचं ते मला मराठीत समजावून सांगायची. तेच लिहिते.

अस्तर खरवडण्याचा प्रयोग पाच देशांत १,३६४ बायकांवर झाला, २०१९ साली छापून आला. खरवडलेल्यांपैकी २६.१ टक्के बायकांना मूल झालं. न खरवडलेल्यांपैकी? २६.१ टक्केच. दशांशसुद्धा हलला नाही, आणि आमच्या पोरीने दुखणं मात्र सोसलं. इआरएचं तसंच. अमेरिकेत २०२२ साली छापलेल्या अभ्यासात ही चाचणी करून वेळ ठरवलेल्यांत ५८.५ टक्के, नेहमीच्या वेळी भ्रूण सोडलेल्यांत ६१.९ टक्के. चाचणी न केलेल्याच किंचित पुढे, म्हणजे फायदा काही दिसला नाही. त्या चाचणीपायी आमचा एक पूर्ण महिना गेला होता. छत्तिसाव्या वर्षी महिना म्हणजे काय, ते तिला विचारा.

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीनचं तेल आणि अंड्यातल्या बलकाचं लेसिथिन. ज्या रोग्याला तोंडाने खाता येत नाही त्याला शिरेतून पोषण द्यायला ते बनवलं. त्याने गर्भ टिकतो, याला भक्कम आधार तिला कुठे मिळाला नाही. हे वाचून मी हसले आणि मग मला रडू आलं.

आता पीजीटी. हा सगळ्यात अवघड, कारण नाव ऐकलं की वाटतं, तपासून घेतलेलं बरंच की. पाच दिवसांच्या भ्रूणातून काही पेशी काढून गुणसूत्रं मोजतात. चीनमध्ये १,२१२ बायकांवरचा अभ्यास २०२१ साली आला. तपासून निवडलेले भ्रूण वापरले त्यांत वर्षभरात ७७.२ टक्के बायकांना मूल झालं, न तपासता वापरले त्यांत ८१.८ टक्के. गर्भपात मात्र तपासलेल्यांत कमी झाले, हेही खरं. त्या सगळ्या ३७च्या आतल्या, बऱ्यापैकी भ्रूण असलेल्या. म्हणजे ज्यांचे गर्भपात वारंवार झालेत त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर त्या आजारासाठी भ्रूण तपासणं ही गोष्टच वेगळी, ती गरज आहे. शुक्राणू फार कमी असताना केलेलं इक्सीही गरजेचंच. पण आमच्या हातात चार भ्रूण उरले होते. तपासणी नेहमी अचूक नसते, चांगला भ्रूणही कधी नापास ठरतो. चारातला एक जरी असा बाद झाला असता तर?

ब्रिटनची सरकारी नियामक संस्था, एचएफईए, अशा जादा उपचारांना रंग देऊन लोकांसमोर ठेवते आणि सरळ सांगते की बहुतेकांना नेहमीचं आयव्हीएफ यांच्याशिवाय पुरतं. आपल्याकडेही २०२१चा एआरटी कायदा आहे. फायदे, तोटे, खर्च, दुष्परिणाम, धोके हे सगळं दवाखान्याने जोडप्याला सांगायचं, असं त्यात लिहिलंय. तेव्हा विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. आपल्या माणसांना डॉक्टरांना उलट विचारायचं म्हटलं की घाम फुटतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मी डॉक्टरांच्या विरोधात नाही. कितीतरी डॉक्टरांना स्वतःलाही वाटतं की निदान त्रास तरी नाही ना, मग देऊन बघू. आणि माझी एक मैत्रीण आहे, तिची नात याच सगळ्या गोष्टी करून झाली. ती म्हणते, तुझी सून काही का वाचेना, मला तर त्या ग्लूनेच नात दिली. मी वाद घालत नाही. तिच्या मांडीवर नात आहे. पण त्याच महिन्यात तेच सगळं करून रिकाम्या हाताने घरी गेलेल्या बायका कुणाला काही सांगत नाहीत, आणि आपण ऐकतो फक्त मांडीवरच्या नातींच्या गोष्टी.

राग मला त्या कागदावर कमी आणि माझ्यावर जास्त आहे. तो कागद चालतो कुणाच्या जोरावर? आपल्या. कसर सोडायची नाही, हे वाक्य आपल्या घरातलं आहे. मुंजीला, लग्नाला, मुलांच्या शिकवणीला आपण तेच म्हणत आलो. तिथे चार पैसे जास्त गेले तर गेले. इथे प्रत्येक खुणेमागे बाईच्या अंगाला सुई लागते, तिचे दिवस जातात, आणि जमलं नाही तर सासूसासऱ्यांच्या उपकाराची उधारी तिच्या नावावर चढते. मोठ्यांनी पैसे द्यावेत, जरूर द्यावेत. पण ते दुसऱ्या प्रयत्नासाठी बाजूला ठेवावेत. आमची ती एफडी शाबूत असती तर पुढच्या खेपेचा बराचसा खर्च निघाला असता.

दुसऱ्या वेळी त्या दोघांनी सगळ्यावर फुली मारली, फक्त ग्लू ठेवला. २०२०च्या एका मोठ्या आढाव्यात त्याचा थोडा फायदा दिसला होता, पण जुळ्यांची शक्यताही वाढलेली, म्हणून भ्रूण एकच सोडायचा असं ठरलं. हा निर्णय तिचा आणि मुलाचा. पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. तिने परवानगी दिली नाही, आणि झालं किंवा नाही झालं, काहीही लिहिलं तरी तुम्ही त्यालाच पुरावा धराल.

त्या दिवशी मी बाहेरच बसले होते, पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन. सही करून घ्यायला काउन्सेलर बाई दारात आल्या, मला ओळखलं. "आंटीजी, आप क्या कहती हैं?"

मी म्हटलं, "मैं कुछ नहीं कहती. अंदर जो बैठी है ना, उससे पूछो."