खेळणे, माल की वारसा?

शनिवार पेठेतील जुने वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. वाडा रिकामा होतो तेव्हा तांब्यापितळेची भांडी वाटून घेतली जातात, कागदपत्रे वकिलाकडे जातात आणि माळ्यावरील ट्रंकेत उरलेले किडूकमिडूक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. त्यात कधी कधी बोटभर लांबीच्या, रंग उडालेल्या धातूच्या मोटारीही असतात. भंगारवाला त्यांचे वजन करतो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातील जाणता विक्रेता नग मोजतो. संग्राहक मात्र मोटार उलटी करून तिच्या तळावरील अक्षरे वाचतो. या तिसऱ्या दृष्टीला आपल्या सार्वजनिक व्यवहारात काही स्थान आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

जस्ताच्या मिश्रधातूचा रस साच्यात दाबाने भरून घडविलेल्या या मोटारींचा इतिहास फार लांबचा नाही. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1934 मध्ये त्यांना ‘डिंकी टॉईज’ हे नाव दिले. 1953 मध्ये लंडनच्या लेस्नी कंपनीची ‘मॅचबॉक्स’ मालिका आली आणि आगपेटीएवढ्या खोक्यातील मोटार सामान्य घरातील मुलाच्या मुठीत आली. पुढे मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना 1979 मध्ये बंद झाला, लेस्नी 1982 मध्ये बुडाली आणि ‘कॉर्गी’ काढणारी मेटॉय 1983 मध्ये. खेळण्याचे संग्राह्य वस्तूत रूपांतर होण्यास या पडझडीने मोठाच हातभार लावला.

भारतातील कथा अधिक बोधप्रद आहे. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात परदेशी खेळणे ही चैनीची वस्तू होती. 1960 च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून ‘निकी टॉईज’ या नावाने जॅग्वार, मर्सिडीज, फोक्सवॅगन यांच्या प्रतिकृती बाहेर पडू लागल्या. साच्यातील मूळ नाव खोडलेले, घडण काहीशी ओबडधोबड, रंगाचा थर जाड. त्या काळी त्यांना कमअस्सल मानले गेले. आज मात्र परदेशातील संग्राहकही त्या आवर्जून शोधतात. यात लहर नाही, तर्क आहे. तळावरील ती खोडलेली अक्षरे म्हणजे बंदिस्त अर्थव्यवस्थेचा एक दस्तऐवजच होय. परवाना पद्धतीविषयी ग्रंथ पुष्कळ आहेत; परंतु त्या पद्धतीत मुले कशाशी खेळली, हे सांगणारी साधने थोडी आहेत.

आता धोरणाकडे वळू. केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के केले. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. देशी उद्योगाला आधार आणि मुलांची सुरक्षितता हे दोन्ही हेतू योग्यच आहेत. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असे, हेही विसरता येत नाही. तथापि पन्नास वर्षांपूर्वीची मोटार कोणी मुलाच्या हाती देण्यासाठी मागवीत नाही. वापरलेला माल आणण्यास स्वतंत्र परवानगी लागते, ती वेगळीच. कलकत्त्यात घडून परदेशी गेलेली मोटार मायदेशी आणावयाची, तर तिलाही हीच वाट.

याउलट, वस्तू देशातच असेल तर तिला संरक्षण कोणते? 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झाल्याखेरीज अशा वस्तूचा विचारच होत नाही. पहिल्या डिंकी मोटारी 2034 मध्ये त्या वयाला पोहोचतील. कलकत्त्याच्या मोटारींना 2060 नंतरची वाट पाहावी लागेल. धातू मात्र तोवर थांबत नाही. महायुद्धापूर्वीच्या मिश्रधातूत शिशाचा अंश मिसळला गेल्यामुळे त्या काळच्या कित्येक मोटारी आपोआप फुगतात, तडकतात आणि शेवटी त्यांचा भुगा होतो.

हा निव्वळ हौशी लोकांचा छंद, त्याची चिंता समाजाने का वाहावी, असा आक्षेप घेतला जाईल. संग्राहकांनीही त्याला निमित्त पुरविले आहे. मोटारीपेक्षा न उघडलेल्या खोक्याला अधिक मोल देणारा आणि उद्याच्या भावावर डोळा ठेवून साठा करणारा मनुष्य संग्राहक नव्हे, सटोडिया होय. परंतु पुण्याला तरी याचे उत्तर दूर शोधावयास नको. शनिवारवाड्यावरून बाजीराव रस्त्याने थोडे पुढे गेले की राजा दिनकर केळकर संग्रहालय लागते. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते आणि घरगुती वापराच्या असंख्य वस्तू जमविल्या, तेव्हा त्याही अडगळच समजल्या जात होत्या. 1975 मध्ये त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. छंद आणि संचय यांतील भेद या एका कृतीने स्पष्ट होतो.

अपेक्षा फार मोठी नाही. संग्रहालयांनी विसाव्या शतकातील खेळण्यांसाठी एखादे दालन राखावे, संग्राहकांनी प्रत्येक वस्तूसोबत ती कोणाच्या घरातून व केव्हा आली याची नोंद ठेवावी आणि शासनाने खेळणे व संग्राह्य वस्तू यांत नियमानेच फरक करावा. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतील इमारती गेल्या, तटबंदी आणि जोती तेवढी उरली. ती आग अटळ होती असे म्हणता येईल. परंतु माळ्यावरील ट्रंक भंगारात जाते ती आगीमुळे नव्हे, आपल्या अनास्थेमुळे.