विश्लेषण : रॅम महागली, वास्तुरचनेसाठी संगणक घेताना पैसे कुठे घालावेत?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपची मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या. त्याची झळ वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना आणि लहान कार्यालयांनाही बसते. पाच वर्षांच्या बी.आर्क.साठी घेतलेला संगणक शेवटच्या वर्षापर्यंत पुरायला हवा, तर खर्च कशावर करावा?

किमती का वाढल्या?

जगातील बहुतांश डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआय प्रोसेसरना लागणाऱ्या एचबीएम मेमरीत नफा अधिक असल्याने उत्पादनक्षमता तिकडे वळली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली.

कोणत्या कामाला काय लागते?

ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअपमध्ये रेखाटन करताना बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. तिथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. कोरोनासारखे रेंडरर मात्र सगळे कोअर वापरतात. लुमियन, ट्विनमोशन, एनस्केप, डी५ यांचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डवर पडतो. व्ही-रे दोन्ही प्रकारे चालते. म्हणून आधी सॉफ्टवेअर ठरवावे, मग संगणक.

ग्राफिक्स कार्डात काय पाहावे?

फक्त नाव नको, कार्डावरील मेमरी पाहावी. झाडे, फर्निचर, टेक्श्चर यांनी भरलेले दृश्य त्या मेमरीत मावले नाही, तर रेंडर रखडते किंवा बंद पडते. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत येते. आरटीएक्स ५०७० डेस्कटॉपवर १२ जीबीचे, तर त्याच नावाचे लॅपटॉपमधील कार्ड ८ जीबीचे.

लॅपटॉप की डेस्कटॉप?

वर्गात आणि साइटवर नेण्यासाठी लॅपटॉप सोयीचा. पण त्यातील ग्राफिक्स चिप सहसा बदलता येत नाही आणि अनेक मॉडेलमध्ये रॅमही बोर्डावरच जोडलेली असते. त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक काम देतो आणि टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. रेव्हिट फक्त विंडोजवर चालते, हे मॅक घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

काटकसर कुठे करावी?

रंगीत दिवे, आकर्षक कॅबिनेट यांनी रेंडर लवकर होत नाही. ३२ जीबी रॅम सोयीची. ती परवडत नसेल तर १६ जीबी घ्यावी, मात्र रॅमचा एक स्लॉट मोकळा ठेवावा. वेग थोडा कमी मिळेल, पण किमती उतरल्यावर दुसरी पट्टी जोडता येईल. न बदलता येणाऱ्या भागावर आधी खर्च, बदलता येणाऱ्यावर नंतर, हा हिशेब महागाईत अधिकच उपयोगी. शक्य असल्यास दुकानात आपलीच एखादी जड फाइल उघडून पाहावी. जाहिरातीतील आकड्यांपेक्षा ती चाचणी अधिक सांगून जाते.