नकाशावर विसंबून अणुभट्टी?

कुकटपल्लीत बसून रत्नागिरीतल्या जैतापूरची चिंता कशाला, असे आपल्यातले काही जण विचारतात. आम्ही उलट विचारतो, किल्लारी विसरलात? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत लातूर सरकारी नकाशात भूकंपाचा सर्वात कमी धोका असलेल्या पट्ट्यात होते. नकाशा नंतर बदलला. गेलेली हजारो माणसे परत आली नाहीत. त्याच मराठवाड्यात आपल्यापैकी कितीतरी घरांची पाळेमुळे आहेत!

म्हणूनच "कोकणात काही होणार नाही" हे आश्वासन आम्हाला पुरत नाही. जैतापूरचे पठार समुद्रापासून सुमारे २५ मीटर उंच आहे, मान्य. पण अणुभट्टी बंद केली तरी तिची उष्णता लगेच संपत नाही; पाणी खेळते ठेवायला वीज लागते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच बंद झाल्या होत्या. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि घात झाला. गुजरातेत काक्रापारला १९९४ मध्ये पाणी शिरले, तेही समुद्राचे नव्हे, पावसाचे!

आमचा विजेला विरोध नाही. अणुभट्ट्यांचे इंधन आपल्याच हैदराबादेत बनते, याचा अभिमानच आहे. पण बँकसुद्धा तारणाचे मूल्यांकन कर्जदाराकडून करून घेत नाही. जैतापूरच्या भूकंप-अभ्यासाची तपासणी प्रकल्पाबाहेरच्या तज्ज्ञांनी करावी, अहवाल मराठीत गावोगाव वाचून दाखवावा, आणीबाणीच्या विजेची सोय दोन वेगळ्या, उंच जागी असावी. तोवर अणुभट्टीचा पाया घालू नये. कोकणातल्या आपल्या सोयऱ्यांनी हे ग्रामसभेत मागावे. आपण त्यांच्या पाठीशी उभे राहू.