ब्रॅकनेलचा धडा

पंधरा लाख घरांचे उद्दिष्ट ठेवून ब्रिटनचे सरकार पुन्हा नव्या शहरांकडे वळत असताना बर्कशायरमधील ब्रॅकनेलचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. लंडनची घरटंचाई हलकी करण्यासाठी १९४९ मध्ये या जुन्या गावाची ‘नवे शहर’ म्हणून निवड झाली. आरंभी २५ हजार लोकसंख्या अपेक्षित होती. पुढे ते लक्ष्य ६० हजारांवर गेले. वस्तीवस्तीला शाळा, दुकाने आणि मोकळ्या जागा मिळाल्या. मात्र जुनी बाजारपेठ बव्हंशी पाडली गेली. ‘ओल्ड मॅनर’सारख्या मोजक्याच वास्तू उरल्या. तिच्या जागी आलेले काँक्रीटचे केंद्रही कालबाह्य ठरले. ते पाडून २०१७ मध्ये ‘द लेक्सिकन’ उभे राहिले. म्हणजे घरे एकदाच बांधली, गावाचे हृदय मात्र दोनदा घडवावे लागले.

नोकरीनिमित्त या पट्ट्यात स्थिरावणाऱ्या मराठी कुटुंबांना हे चित्र परके वाटू नये. सोपानदेवांची समाधी आणि जुने वाडे जपणाऱ्या सासवडच्या दिशेने पुणे सरकत आहे. पुरंदर तालुक्यात विमानतळही प्रस्तावित आहे. घरे हवीतच, पण काय राखायचे, हे पाडकामाआधी ठरले पाहिजे. ब्रॅकनेलला ते उशिरा उमगले. सासवडच्या हाती अजून वेळ आहे.