पायरीबाहेरचा चोखोबा

गेल्या वर्षी आषाढीची गर्दी ओसरल्यावर मी प्रथमच पंढरपूरला गेलो. विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवले. कोणीही भाविकाने देवाच्या पायांना हात लावावा, ही तिथली रीत मला फार आवडली. पण परतल्यावर मनात राहिली ती नामदेव पायरी आणि तिच्यासमोरची चोखामेळ्याची समाधी.

मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी इथे आणल्या, असे परंपरा सांगते. ज्यांना हयातीत आत येऊ दिले नाही, त्यांना मृत्यूनंतरही जागा मिळाली ती दाराबाहेरच! ते दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क रद्द करणारा कायदा १९७३ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले जानेवारी २०१४ मध्ये. त्याच वर्षी तिथे स्त्रिया आणि ब्राह्मणेतर पुजारी नेमले गेले.

कोणी म्हणेल, हा झाला इतिहास. आपल्या उपनगरात जातपात कोण पाहतो? लोकलमध्ये सकाळी भजन सुरू झाले की शेजाऱ्याचे आडनाव कोण विचारतो? खरे आहे. पण मागे मुलुंडला एका वर्गमित्रासाठी भाड्याची खोली पाहायला आम्ही दोघे गेलो होतो. भिंतीवर विठोबाची तसबीर, मालकांच्या गळ्यात तुळशीची माळ. चहा झाला, भाडे ठरले आणि मग आडनाव विचारले गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली नात्यातल्या माणसाला दिली. महिनाभर ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी तिथे तशीच होती. मित्र अजून कर्जतहून ये-जा करतो.

वारीत एकमेकांच्या पाया पडणारी माणसे ढोंगी असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिथली समता खरीच असते. पण वाटेवर कोणाचेच घर नसते, म्हणून ती सोपी असते. घरी परतल्यावर दार आपल्या मालकीचे होते आणि खरी वारी तिथून सुरू होते.

देवळाचे दार उघडायला गुरुजी होते, कायदा होता, न्यायालय होते. आपल्या घराच्या दारासाठी कोणी उपोषणाला बसणार नाही. ते ज्याचे त्यानेच उघडायचे आहे. नाहीतर चोखोबा अजून बाहेरच उभे आहेत, असे म्हणावे लागेल.